पस्तिशीतले आजोबा

शास्त्रीय गायकाला चाळिशीत ‘उदयोन्मुख’ म्हणतात. पन्नाशीचा राजकारणी ‘युवा नेता’ असतो आणि चौकातल्या फ्लेक्सवर तसं छापूनही येतं. साहित्य संमेलनात नवोदितांच्या मांडवात कविता वाचणाऱ्याची नात दहावीला असू शकते. वकिलाचे तर केस पांढरे झाल्याशिवाय पक्षकार त्याच्याकडे फिरकत नाही. एकटा सॉफ्टवेअरवाला असा, की पस्तिशी ओलांडली रे ओलांडली, हिंजवडीच्या कँटीनमध्ये पोरं त्याला खुर्ची रिकामी करून देतात. त्यात आदर वगैरे काही नसतो. काका उभ्याने दमतील, एवढीच काळजी असते.

या धंद्यात माणूस झपाझप मोठा होतो. बाविसाव्या वर्षी ट्रेनी, पंचविसाव्या वर्षी सीनियर, अठ्ठाविसाव्या वर्षी लीड आणि तिशीला आर्किटेक्ट. वाकडच्या टू बीएचकेमध्ये चौघांत राहणारा, रात्री दोनला आईने सांगलीहून पाठवलेल्या चकल्या खाणारा, गॅसचा नंबर कसा लावतात हे ठाऊक नसलेला मुलगा कागदोपत्री ‘सीनियर’ असतो. पस्तिशीला ही शिडी संपते. पुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे मॅनेजर व्हायचं, म्हणजे स्वतः कोड लिहिणं सोडायचं आणि दुसऱ्यांना दर दोन तासांनी ‘कधी होतंय?’ विचारायचं. दुसरी वाट म्हणजे कोडच लिहीत राहायचं आणि प्रत्येक लग्नात मामेसासऱ्यांना उत्तर द्यायचं. ‘अजून कोडिंगच का?’ हा प्रश्न ते ‘अजून भाड्याच्याच घरात का?’ या सुरात विचारतात.

तारुण्यावरच्या या श्रद्धेला मोठमोठ्यांचा आधार आहे. २००७ साली मार्क झुकरबर्ग यांनी स्टॅनफर्डला होतकरू उद्योजकांसमोर सांगितलं होतं, की तरुण माणसं मुळातच जास्त हुशार असतात. तेव्हा ते स्वतः बावीस वर्षांचे होते, त्यामुळे मुद्दा त्यांना फारच पटलेला होता. मे २०२४ मध्ये तेही चाळीस वर्षांचे झाले. हुशारी परत जमा केल्याची पावती त्यांनी फाडल्याचं ऐकिवात नाही. पुढे पिएर अझूले, बेंजामिन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांचा हिशेब मांडला. सगळ्यांत वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय निघालं ४५. पण असल्या संशोधनाचे टी-शर्ट निघत नाहीत. टी-शर्ट तरुणांचेच निघतात आणि ते चाळिशीत पोटावर बसत नाहीत.

अनुभव मोजण्याची आमची पद्धतही न्यारी. सेबास्तियान रामिरेझ या गृहस्थांनी ‘फास्टएपीआय’ नावाचं एक साधन तयार केलं. २०२० साली त्यांना एक नोकरीची जाहिरात दिसली. अट होती, फास्टएपीआयचा किमान चार वर्षांचा अनुभव. ते साधन जन्माला घालून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं, सबब जनकच अपात्र! आमच्याकडे अशा जाहिराती रोज निघतात, आणि त्याहून विशेष म्हणजे अटी पूर्ण करणारे उमेदवारही रोज मिळतात.

गंमत अशी, की ज्याचा अनुभव हे मागतात ते सगळं नाशवंत असतं. दोन वर्षं घाम गाळून जे शिकावं ते तिसऱ्या वर्षी ‘लेगसी’ होतं. जे टिकतं, म्हणजे व्याज कसं आकारतात, बिल कुणाच्या नावे फाटतं, परत आलेल्या मालाचं काय करतात, कुठल्या तारखेला कोणाचा पगार अडतो, त्याला बायोडेटात रकानाच नाही. आणि सॉफ्टवेअर आपटतं ते बहुतेक वेळा त्याच रकान्यात.

उदाहरण घ्यायचं तर एका जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या पगाराचं आणि सेवानिवृत्तीचं काम आमच्याकडे होतं. जुन्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये आणायच्या होत्या. टीममधले एक चिरंजीव, हुशार, कानात इअरफोन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, एका सकाळी लॅपटॉप उचलून धावत आले.

“सर, डेटा करप्ट आहे.”

“काय झालं?”

“अख्खा जिल्हा एक जूनला जन्मलाय.”

त्यांनी आलेखही काढला होता. बारा महिन्यांची सपाट जमीन आणि मधोमध एक जूनचं कळसूबाई. चिरंजीवांचं निदान पक्कं होतं. कुणीतरी जन्मतारखेच्या रकान्यात ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ टाकून ठेवली आहे, सबब या सगळ्या तारखा पुसायच्या आणि प्रत्येकाकडून नव्याने पुरावा मागवायचा. पुसण्याची स्क्रिप्टही तयार होती. फक्त बटण दाबायचं बाकी होतं.

त्या दिवशी आस्थापना शाखेतले भाऊसाहेब काही सेवापुस्तकं घेऊन आमच्याकडे आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आलेख पाहिला आणि म्हणाले, “बरोबर आहे की. यात काय चुकलंय?”

“काका, इतकी माणसं एकाच दिवशी जन्मतील कशी?”

“आईच्या पोटून नाही जन्मली, बाळा. हेडमास्तरांनी जन्माला घातलीत.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पूर्वी खेड्यात जन्माची नोंद कोण करतंय? ‘मोठा पूर आला त्या साली’, ‘थोरलीच्या पाठीवर दीड वर्षानं’ अशी वयं चालायची. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला हाताला धरून आणून उभा करायचा. मास्तर पोराकडे बघून अंदाजाने साल ठरवायचे आणि तारीख टाकायचे १ जून. म्हणजे पहिलीचं वय नेमकं भरतं आणि कुणाची तक्रार राहत नाही. तीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत, नोकरीतून पेन्शनमध्ये. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस असा शाळेच्या घंटेबरोबर वाजतो. चिरंजीव ज्याला करप्ट डेटा म्हणत होते तो सरकारदरबारी सगळ्यांत पक्का डेटा होता.

पण खरी मेख पुढेच होती. भाऊसाहेबांनी सहज विचारलं, “मग एक जूनवाल्याला रिटायर कधी करतोस?”

चिरंजीव म्हणाले, “ज्या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. डॉक्युमेंटमध्ये तसंच आहे. तीस जून.”

“आणि जूनचा पगार तू देणार?”

नियम असा, की ज्याची जन्मतारीखच महिन्याची पहिली आहे तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे एक जूनवाला ३१ मेला. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ३१ मेला हारतुऱ्यांची जी झुंबड उडते ती यामुळे. चिरंजीवांच्या सूत्राने जिल्ह्यातले यच्चयावत गुरुजी एक महिना जादा नोकरीवर राहिले असते, आणि मग वसुलीच्या नोटिसा निघाल्या असत्या त्या सॉफ्टवेअरच्या नावे नव्हे, गुरुजींच्या नावे. “आणि शिपायांना साठ,” जाता जाता भाऊसाहेबांनी आणखी एक काडी टाकली. “वर्ग चार. ते तरी घेतलंयस ना?”

चिरंजीवांनी इअरफोन काढून खिशात ठेवले.

आता प्रश्न असा, की ही गोष्ट आमच्या जाडजूड रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये का नव्हती? त्यात लोगोचा निळा रंग नेमका कुठल्या छटेचा हवा, यावर अर्धं पान होतं. पण एक जूनचा उल्लेख नव्हता. कारण ज्याला ती गोष्ट ठाऊक होती त्याला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. भाऊसाहेबांना विचारलं असतं, ‘तुमच्या खात्याचे खास नियम काय?’, तर ते म्हणाले असते, ‘काही विशेष नाही, नेहमीचंच.’ धंद्यातलं सगळं ज्ञान या ‘नेहमीच्याच’मध्ये दडलेलं असतं. ते मुलाखत घेऊन मिळत नाही. चुकीचा आलेख दाखवला की मात्र फुकट मिळतं.

बँकांच्या कामात तर असल्या ‘नेहमीच्या’चे ढीग. आज बचत खात्यावर रोजच्या शिल्लकेवर व्याज धरतात. पोरांना वाटतं, हे सूर्य उगवण्याइतकं सनातन आहे. पण ही पद्धत आली १ एप्रिल २०१०ला. त्याआधी दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळायचं. पैसे अकराव्या दिवशी भरले की तो महिना बुडाला. लाखभर रुपये महिनाभर ठेवून पंचवीस तारखेला एका दिवसापुरते काढले, तरी बुडाला. आमच्या आया-मावश्यांना हे पाठ होतं. ‘दहाच्या आत भरून ये रे’ हे वाक्य ज्याने घरात ऐकलंय, त्याला २००८ सालच्या खात्याचं व्याज आजच्या सूत्राने का जुळत नाही हे कोडं पडत नाही. ज्याने ऐकलेलं नाही तो तीन दिवस कोड तपासतो, मग बँकेने ग्राहकांना लुबाडलं असा शोध लावतो आणि तशी ईमेल क्लायंटलाच पाठवतो.

जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की तरुणांचे हात शिवशिवतात. ‘हा मूर्खपणा कोणी लिहिला?’ असं म्हणत ते ती ओळ उडवतात. पण काही मूर्खपणे जाणूनबुजून सांभाळलेले असतात. एक्सेल आजही १९०० सालच्या फेब्रुवारीला २९ दिवस देतं. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शतकाच्या वर्षाला ४००ने भाग जावा लागतो. पण त्या काळी बाजारात लोटस वन-टू-थ्रीचं राज्य होतं आणि त्यात ही चूक होती. लोकांच्या तयार शीट जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती चूकही जशीच्या तशी घेतली. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ती ‘बग’ दिसते. ज्याला ठाऊक आहे त्यालाही ती बगच दिसते, फक्त तो हात मागे घेतो.

इथवर वाचून माझ्या वयाचे वाचक खुर्चीत सरसावून बसले असतील. त्यांनी जरा मागे टेकावं. कारण केस पिकल्याने हे ज्ञान आपोआप येतं, असं मुळीच नाही. प्रत्येक ऑफिसात एक तरी ज्येष्ठ असे असतात, ज्यांची सगळी वाक्यं ‘वायटूकेच्या वेळी’पासून सुरू होतात. त्यांनी १९९९ साली दोन आकडी सालं चार आकडी केली. काम मोलाचं होतं, वादच नाही. पण त्यानंतर त्यांनी स्वतःला जे पेन्शनीत काढलं ते काढलं. बायोडेटावर वीस वर्षांचा अनुभव असतो. पण नीट पाहिलं तर तो एकाच यत्तेत वीसदा बसून काढलेला असतो. विम्याच्या प्रोजेक्टवर आठ वर्षं काढलेल्या अशाच एकांना मी विचारलं, क्लेम कुठल्या कारणांनी नाकारतात? ते म्हणाले, “ते बिझनेसवाले बघतात. आपल्याकडे फक्त ट्रू किंवा फॉल्स येतं.” आठ वर्षं इतकी माणसं फॉल्स होऊन गेली आणि यांच्या एसीला त्याचा वारा लागला नाही.

उलट आमच्याकडे एक मुलगी आली, कॉलेजातून नुकतीच सुटलेली. पदनाम ट्रेनी, त्यामुळे मीटिंगमध्ये तिचं काम चहा आला का बघणं आणि मिनट्स लिहिणं. विषय होता दुकानांच्या बिलिंगचा. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीनंतर पॉपकॉर्नने देशभर धमाल उडवली होती. मीठ-मसाल्याचे सुटे असतील तर ५ टक्के, पाकीटबंद आणि लेबल लावलेले असतील तर १२, आणि कॅरॅमलचे असतील तर ती मिठाई धरून १८. आमच्या आर्किटेक्टनी फळ्यावर चौकोन काढले, चौकोनांना बाण जोडले, बाणांना नावं दिली आणि शेवटी ‘पॉपकॉर्न’ नावाचा एक स्वतंत्र चौकोन काढून ते समाधानाने मागे सरकले.

मुलीने हात वर केला. “सर, दर बदलला तर काय करायचं?”

“बदलायचा. एका क्लिकमध्ये.”

“आणि जुन्या दराने गेलेला माल परत आला तर? आमच्या दुकानात बाबा जुना भाव खोडत नाहीत. खाली नवा लिहितात आणि तारीख घालतात. गिऱ्हाईक माल परत घेऊन आलं की बिलाची तारीख बघून त्याच भावाने परत घ्यायचं. नाहीतर भांडणं होतात.”

खोलीत दोन मिनिटं फक्त एसीचा आवाज होता. दर पुसायचा नाही, ‘अमुक तारखेपासून लागू’ म्हणून नवी ओळ जोडायची, या तत्त्वाला आमच्या शास्त्रात भारदस्त नाव आहे आणि त्यावर जाडी पुस्तकं आहेत. तिच्या बाबांनी ते किराणा दुकानात वहीच्या समासात अमलात आणलं होतं. पुढे २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे टप्पे बदलले, पाकीटबंद खारे पॉपकॉर्न १२ वरून ५ वर आले. शेजारच्या टीमने ती रात्र ऑफिसात पिझ्झा खाऊन काढली. तिने एक ओळ जोडली, आणि साडेसहाच्या बसने घरी गेली.

म्हणजे हे ज्ञान जसं वयाला चिकटत नाही, तसं डिग्रीलाही चिकटत नाही. ते येतं गल्ल्यावर बसून. ज्याचं बिल चुकलंय तो माणूस समोर उभा राहून बोलतोय, आवाज चढवतोय, मागे रांग वाढतेय, आणि आपल्याला उत्तर द्यायचंय. हा प्रसंग ज्याच्यावर गुदरला त्याला बिझनेस कळला. वयाचा फायदा इतकाच, की माणूस जितका जुना तितकी त्याने बोलणी खाल्लेली असण्याची शक्यता जास्त. पण ती शक्यताच. काही लोक फोन न उचलताही निवृत्त होतात.

जगाला ही गोष्ट अधूनमधून आठवते, साधारणपणे घराला आग लागल्यावर. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या लाटेत न्यू जर्सीतल्या बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि तिथली जुनाट सिस्टीम धापा टाकू लागली. गव्हर्नर फिल मर्फी यांनी जाहीर विनवणी केली, की कोबोल येणारे कोणी असतील तर मदतीला या. कोबोल म्हणजे १९५९ साली जिची आखणी सुरू झाली ती भाषा. वायटूकेच्या लाटेवर स्वार होऊन पुण्या-मुंबईची कितीतरी पोरं त्याच न्यू जर्सीत उतरली होती आणि एडिसनच्या आसपास स्थिरावली होती. घरात ज्यांना मुलं ‘डॅड, यू आर सो ओल्ड’ म्हणत होती, त्यांच्या नावाने आता गव्हर्नर टाहो फोडत होता. पण मला वाटतं, टंचाई कोबोलची नव्हतीच. भाषा पोरगं दोन महिन्यांत शिकतं. टंचाई होती ती कुणाला किती भत्ता, किती आठवडे आणि कुठल्या पोटनियमाने मिळतो, हे त्या कोडमध्ये कुठे पुरलंय ते माहीत असलेल्या माणसांची.

कोबोल जिच्या पायावर उभी राहिली ती आधीची भाषा ग्रेस हॉपर यांच्या चमूची. अमेरिकी नौदलाने त्यांना साठाव्या वर्षी निवृत्त केलं आणि वर्षाच्या आत परत बोलावलं, म्हणे सहा महिन्यांसाठी. त्या कायमच्या बाहेर पडल्या १९८६ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल होऊन. आमच्याकडे असत्या तर पस्तिशीतच कुणीतरी विचारलं असतं, ‘मॅडम, अजून कोडिंगच?’

आता तर कोड लिहायला यंत्रं आली आहेत. नवी भाषा, जुनी भाषा, सगळं ती क्षणात लिहून देतात, तेही न थकता आणि न चिडता. त्यामुळे तरुणांचा मुख्य हुकमाचा पत्ता गेला आणि म्हाताऱ्यांचा ‘आम्ही हे हाताने लिहायचो’ हा पत्ताही गेला. उरला तो एकच प्रश्न, काय लिहायला सांगायचं? तिथे पुन्हा एक जून आडवा येतो.

म्हणून मी आमच्या एचआरला लेखी प्रस्ताव दिला. मुलाखतीत फळ्यावर झाडाच्या फांद्या उलट्यासुलट्या करायला लावणं बंद करा. उमेदवाराला ३१ मार्चला एखाद्या पतसंस्थेत बसवा. किर्द जुळेपर्यंत घरी सोडू नका. पाच रुपयांचा फरक रात्री अकराला सापडल्यावर ज्याचा चेहरा उजळेल त्याला घ्या. एचआरने प्रस्ताव आवडल्याचं कळवलं आणि विचारलं, की या कौशल्याचं ऑनलाइन सर्टिफिकेट कुठे मिळतं?

पण एक गोष्ट मात्र झाली. भाऊसाहेब निवृत्त झाले. कुठल्या तारखेला, हे सांगायला नको. क्लायंटनेच आग्रह धरला म्हणून कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून घ्यायचं ठरवलं. ऑनलाइन फॉर्म भरायला चिरंजीवच शेजारी बसले. ‘आयटीमधील एकूण अनुभव’ या रकान्यात भाऊसाहेबांनी प्रामाणिकपणे शून्य लिहायला सांगितलं. सिस्टीमने क्षणभर विचार केला आणि आपल्या नियमानुसार पदनाम बहाल केलं, ‘ज्युनियर असोसिएट’. रिपोर्टिंग सीनियरना, म्हणजे चिरंजीवांना.

चिरंजीव ओशाळले. म्हणाले, “काका, मी तिकीट टाकतो, बदलून घेऊ आपण.”

“असू दे रे,” भाऊसाहेब म्हणाले. “ज्युनियर तर ज्युनियर. फक्त मला कमी करायची तारीख तुझ्या सूत्राने काढ. एक महिना जादा मिळेल.”